चुरा आणि गाभा

२०१६ च्या मे महिन्यातली गोष्ट आहे. कळवणपासून काही किलोमीटरांवर असलेल्या आमच्या वाडीत, आबांच्या ओट्यावर, सहा घरांची बैठक बसली होती. सामाईक बोअर घ्यायचा तर कोणत्या पद्धतीने आणि किती खोल, एवढाच विषय होता. आम्हां दोघांपैकी एकाच्या वाट्याला वडिलोपार्जित जमिनीचा दीड एकराचा तुकडा आलेला असल्यामुळे सहावा भाग आमचा होता. शेती आम्ही करत नाही. ती चुलतभाऊ निम्म्या बटाईने करतो. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. त्यामुळे वीस हजार रुपये आणि एक मत, एवढेच आमचे योगदान होते. पुढे जे घडले त्यात रुपयांपेक्षा मताचा भाग मोठा ठरला, म्हणून हे टिपण.

साहित्याच्या अभ्यासकांना बोअरच्या वादात काय रस असणार, असा प्रश्न कोणालाही पडेल. आम्हांलाही त्या ओट्यावर बसेपर्यंत तो पडलेला होता. पण तासाभरात लक्षात आले, की जे डोळ्यांना दिसत नाही त्याविषयी ही माणसे विधाने करत आहेत, एकमेकांच्या विधानांचा आधार विचारत आहेत, आणि कोणता आधार ग्राह्य धरायचा यावरून हमरीतुमरीवर येत आहेत. आमच्या व्यवसायात याहून वेगळे फारसे काही घडत नाही. फरक इतकाच, की इथे प्रत्येक विधानामागे वीस हजार रुपये होते.

नकाशावर पाहिले तर कळवण तालुका पाण्याचा वाटतो. गिरणा याच भागातल्या पश्चिमेकडच्या डोंगरांतून निघते. चणकापूरचे धरण इंग्रजी अमदानीतले, पुनद नदीवरचे त्यानंतरचे. पण कालव्याचे पाणी सखल शिवारांना मिळते आणि आमची वाडी चढावर आहे. चढावरच्या शेताला पाऊस आणि विहीर यांखेरीज तिसरा आधार नसतो. त्यात जमिनीखाली काळा खडक. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग ज्या लाव्हाच्या थरांनी झाकला आहे, तेच साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे थर आमच्या पायांखालीही आहेत. ते पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक बसलेले असतात. प्रत्येक थराचा माथा भोकाभोकांचा आणि झिजलेला, पोट घट्ट. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे गेरूसारखा लाल पट्टा. पाणी राहते ते माथ्याच्या भोकांत, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. घट्ट पोटात ते जवळजवळ नसतेच. बोअर कोठे कोणत्या सांध्याला गाठेल, हे वरून सांगता येत नाही. वादाला जागा मिळते ती इथे.

ओट्यावर चार पक्ष होते. पहिला आबांचा. आजोबांनी खणलेली विहीर सात परसांची होती. (परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाएवढी खोली, हे माप आता विहिरीच्या संदर्भातच ऐकू येते.) आबांचे म्हणणे असे, की तीच विहीर सुरुंग लावून दोन परस खाली न्यावी आणि तळातून चारी बाजूंना आडवे बोअर घ्यावेत. त्यांचा युक्तिवाद एका वाक्याचा होता : “विहिरीत माणूस उतरतो, बोअरमध्ये कोण उतरणार?” त्यांच्या दृष्टीने जे डोळ्यांनी पाहता येते तेच खरे, आणि जी पद्धत डोळ्यांना आत जाऊ देत नाही ती जुगार.

दुसरा पक्ष त्यांच्या पुतण्याचा. त्याने आदल्याच वर्षी डाळिंबाची नवी लागवड केली होती आणि ठिबकला पाणी नव्हते. त्याला बोअरची गाडी हवी होती. या गाड्या बहुधा तमिळनाडूच्या असतात. तिरुचेंगोडे हे गाव त्यांच्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. हवेच्या दाबाने चालणारा हातोडा भोकाच्या तळाशी बसून खडकावर आदळत राहतो, त्याच्या तोंडाशी टंगस्टन कार्बाइडच्या गुंड्या असतात, आणि फुटलेला खडक भुकटी होऊन हवेबरोबर वर फेकला जातो. एका रात्रीत चारपाचशे फूट. “विहिरीला दोन महिने लागतील, तोवर पाऊस येईल नाहीतर झाडे जातील,” असे तो म्हणाला. यातले काहीही खोटे नव्हते.

तिसरे नाना. त्यांना गाडी चालत होती, विहीरही चालत होती. जागा मात्र पाणाड्याने दाखवलेलीच हवी होती. तळहातावर नारळ आडवा ठेवून चालायचे आणि जिथे तो उभा राहील तिथे खूण करायची, ही रीत आमच्याकडे सर्रास आढळते. आम्ही शहाणपणाने गप्प राहिलो. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त दकार्गल नावाचा एक सबंध अध्याय भूजलाच्या शोधावर आहे, हे आम्हांला ठाऊक होते, पण त्यात नारळ नाही. कोणते झाड, त्याच्या कोणत्या दिशेला वारूळ, किती पुरुष खोल, अशी बाहेर दिसणारी चिन्हे त्यात सांगितली आहेत. ती बरोबर की चूक हे निदान तपासता तरी येते.

चौथा पक्ष भागधारकांचा नव्हता. भूजल खात्यातून निवृत्त झालेले एक परिचित गृहस्थ आमच्या विनंतीवरून आले होते. जमिनीत विजेचा प्रवाह सोडून थरांचा विरोध मोजण्याची चाचणी त्यांनी दोन जागी केली होती. त्यांचे म्हणणे असे होते : दोनशे फुटांच्या खाली या भागात पैसे घालू नका, केसिंग किती खाली न्यायचे ते खडक पाहून ठरवा, आणि दर दहा फुटांना वर येणारा चुरा पुडीत भरून ठेवा. नंतर त्यांनी एक वाक्य जोडले, जे आम्ही त्या वेळी केवळ सुभाषित म्हणून मनात टिपले : “तुम्ही लोक भोकाचे पैसे देता, माहितीचे देत नाही.”

या सगळ्यात ओट्याच्या कडेला आमचा मावसभाऊ बसला होता. तो पंचवीस वर्षे टोरांटोला असतो; एका लग्नासाठी आला होता. त्याला बराच वेळ हसू आवरत नव्हते. शेवटी म्हणाला, “हे भांडण मी ऐकलेले आहे. तिकडे आम्ही हिऱ्यांसाठी असेच भांडतो.”

त्याची हकिगत अशी. कॅनडाच्या उत्तरेला, बर्फाळ ओसाड प्रदेशात, लाक द ग्रास नावाच्या सरोवराजवळ १९९१ साली हिऱ्यांचा खडक सापडला आणि १९९८ साली एकाटी ही तिथली पहिली खाण सुरू झाली. त्यानंतर शोध घेणाऱ्या लहान लहान कंपन्यांचे पीक आले. या कंपन्यांकडे खाण नसते. शोधाचा परवाना, काही भूवैज्ञानिक आणि भागधारकांचे पैसे एवढेच असते. आमच्या भावासारखे हजारो नोकरदार त्यांत थोडे थोडे पैसे घालतात. पुढच्या हंगामात कोणत्या पद्धतीने छिद्र घेणार, हे कंपनीने जाहीर केले की या लहान भागधारकांत वाद पेटतो. ज्यांनी आयुष्यात छिद्रण यंत्र पाहिलेले नाही तेही यंत्राच्या व्यासावर बोलू लागतात.

तो वाद आम्ही त्या रात्री त्याच्याकडून समजून घेतला. हिरे पृथ्वीच्या पोटात दीडशे किलोमीटरांहून अधिक खोलीवर तयार होतात आणि किंबरलाइट नावाच्या खडकाच्या नळ्यांतून वर येतात. नळी सापडली म्हणजे हिरे सापडले असे नाही. बहुतेक नळ्या व्यापाराच्या दृष्टीने पोकळ असतात. ज्या खाणीला चांगली म्हणावे तिच्यातही टनाभर खडकात एखादा कॅरट असतो. कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, म्हणजे पन्नास लाखांत एक भाग. इतके विरळ असलेले काही शोधायचे तर नमुना कसा घ्यावा?

एक मार्ग गाभा काढण्याचा. पोकळ नळीच्या तोंडाला हिऱ्याच्या कणांचे कडे बसवायचे आणि खडक दळत न बसता कापत जायचे. मध्ये उरलेला खडकाचा दंडगोल अखंड वर येतो. हिऱ्याच्या शोधात हिराच हत्यार होतो, याची आम्हांला गंमत वाटली. आपल्याकडे काच कापायच्या हत्यारालाही हिरकणी म्हणतातच. गाभ्यावरून नळीचा आकार, थर, भेगा, खडकाची जात हे सारे वाचता येते. पण तो मनगटाएवढा जाड. त्यातून किती टन खडक मिळणार? हिऱ्यांचे प्रमाण आणि भाव त्यावरून ठरवता येत नाहीत. दुसरा मार्ग मोठ्या व्यासाच्या छिद्राचा. त्यात खडक फोडून चुरा वर आणतात, टनांनी माल मिळतो. पण ठोक्याने मोठा हिरा फुटण्याची भीती, आणि एका मोठ्या खड्याचे दोन तुकडे झाले की किंमत निम्म्याहून कितीतरी खाली येते. तिसरा मार्ग खड्डा किंवा बोगदा खणून हजारो टन माल काढण्याचा. तो सर्वांत विश्वासार्ह आणि लहान कंपनीला परवडणारा नव्हे. म्हणून गाभावाले म्हणतात, आधी अखंड चित्र पाहा. चुरावाले म्हणतात, चित्र घेऊन काय करू, वजन दाखवा. आणि बोगदावाले म्हणतात, पैसे नसतील तर या धंद्यात यायचेच कशाला.

“आबा बोगदावाले,” मावसभाऊ म्हणाला, “पुतण्या चुरावाला, आणि तुमचे साहेब गाभा मागताहेत पण त्यांना चुऱ्याच्या पुड्यांवर भागवायचे आहे.” सगळे हसले. आबाही हसले.

हिऱ्यांचा असा शोध आपल्यापासून फार लांबचाही नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या वैरागडची हिऱ्यांची खाण ‘ऐन-इ-अकबरी’त नोंदलेली आहे, आणि जुन्या मराठीतला ‘वैरागर’ हा शब्द, म्हणजे वज्राकर, हिऱ्यांच्या खाणीचाच वाचक आहे. मध्य प्रदेशातल्या पन्ना इथे तर आजही सरकारी हिरे कार्यालय आठ मीटर लांब आणि आठ मीटर रुंद एवढ्या तुकड्याचा पट्टा सामान्य माणसाला देते. चारपाच जण पैसे जमवून तो घेतात आणि कुदळ-फावड्याने खणतात. सापडलेला खडा कार्यालयात जमा होतो, लिलाव होतो, स्वामित्वशुल्क कापून उरलेले पैसे भागीदार वाटून घेतात. त्या जिल्ह्याला लागून असलेल्या छतरपूरमध्ये रिओ टिंटो या बलाढ्य कंपनीला २००४ साली बंदरचा साठा सापडला. वर्षानुवर्षे छिद्रे घेऊन, गाभे तपासून, २०१७ साली तिने तो प्रकल्प मध्य प्रदेश शासनाच्या हवाली केला आणि ती निघून गेली. पन्नाच्या त्या भागीदारांना एवढी मोकळीक नसते. त्यांचे पैसे त्याच खड्ड्यात असतात आणि घर त्याच गावात.

मावसभावाने सांगितलेली आणखी एक गोष्ट आम्हांला अधिक महत्त्वाची वाटली. गाभा वर आला की तो उभा चिरतात. अर्धा प्रयोगशाळेत जातो, अर्धा पेटीत जपून ठेवतात, म्हणजे उद्या शंका आली तर पुन्हा तपासता यावा. तो अर्धा म्हणजे साक्षीदार. ब्रे-एक्स या कॅनडाच्या कंपनीने इंडोनेशियातल्या बुसांग इथे सोन्याचा प्रचंड साठा असल्याचे जाहीर केले होते. तिने मात्र गाभे चिरले नाहीत, सगळेच दळून तपासणीला पाठवले. नमुन्यांत बाहेरून सोने मिसळलेले होते, आणि तुलनेसाठी मागे काही उरलेले नव्हते. १९९७ साली सत्य बाहेर आले तेव्हा लहान भागधारक बुडाले. आमच्या भावाचे तेव्हा काही गेले नव्हते, पण तेव्हापासून तो कोणत्याही कंपनीला पहिला प्रश्न हाच विचारतो : अर्धा गाभा कोठे आहे?

आम्ही दोघे त्या रात्री फार खूश होतो. पुराव्याचे असे उदाहरण वर्गात सांगायला मिळाल्याचा तो आनंद होता. एका कवितेवरून कवीविषयी, एका उताऱ्यावरून कादंबरीविषयी, पाच कादंबऱ्यांवरून कालखंडाविषयी बोलताना आपण चुरा तपासतो की गाभा, आणि साक्षीदार म्हणून मागे काय ठेवतो, हे विद्यार्थ्यांना विचारता येणार होते. शेताचा निर्णय दुसऱ्या दिवशी घ्यायचा होता, हे आम्ही जवळजवळ विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी हात वर झाले. गाडीच्या बाजूने पुतण्या, नाना (जागा नारळाची या अटीवर) आणि दोघा भावांपैकी थोरला. विहिरीच्या बाजूने आबा आणि धाकटा. बरोबरी झाली तर आबांचे चालेल असे आधीच ठरलेले होते; म्हणजे निकाल आमच्या मतावर आला. आम्ही बोलायला उठलो आणि निवृत्त गृहस्थांच्या पद्धतीची भरपूर स्तुती केली. नारळाची जागा आणि यंत्राने दाखवलेली जागा यांत सुदैवाने फार अंतर नव्हते, याचा उल्लेख केला. मग दोनशे फुटांची मर्यादा आणि पुड्यांची नोंद या अटींवर गाडीला मत दिले.

का दिले? त्या वेळी आम्ही दिलेली कारणे शास्त्रीय होती. खरे कारण असे, की विहिरीच्या कामाला दोन महिने कोणीतरी उभे राहायला हवे होते, आणि जूनमध्ये आमचे महाविद्यालय उघडत होते. मागे वळून पाहता सगळ्यांचेच तसे होते. आबांवर कर्ज नव्हते, त्यांच्याजवळ वेळ होता. त्यांना सावकाश पद्धत खरी वाटली. पुतण्याजवळ वेळ नव्हता. त्याला वेगवान पद्धत खरी वाटली. नानांचा मागचा बोअर कोरडा गेला होता. पुन्हा तसे झाले तर दोष आपल्याकडे येऊ नये, एवढे काम त्यांच्यासाठी नारळ करत होता. छिद्र कसे घ्यावे याविषयी जो तो जे बोलत होता, ते आपल्याला कोणता तोटा सोसवेल याविषयीचे बोलणे होते. टोरांटोतही याहून निराळे नसावे.

गाडी रात्री नऊला आली. पहिल्या वीस फुटांना मुरूम, तेवढ्यालाच केसिंग घातले. मग खडक लागला आणि पांढऱ्या धुळीचा लोट बॅटरीच्या उजेडात शिवारभर पसरला. आम्ही तोंडाला रुमाल बांधून दर दहा फुटांना मूठभर चुरा प्लास्टिकच्या पुडीत भरत होतो आणि चिठ्ठीवर खोली, रंग, कोरडा की ओला हे लिहीत होतो. ‘५० ते ६० : करडा, भरड, ओलसर.’ ‘७० ते ८० : काळा, बारीक, कोरडा.’ एकशे चाळीसला चुरा लाल झाला. एकशे साठला भोकातून पाण्याची चूळ आली आणि सगळे ओरडले. मोजल्यावर दीड इंची पाणी भरले. नाना नारळ फोडायला धावले.

दोनशेला दहावी कांडी पूर्ण झाली. पुतण्या म्हणाला, “अजून एक टाकू. दीडचे दोन इंच होईल.” आमची अट होती, ती आम्हांलाच आठवत होती, आणि आम्ही ती बोललो नाही. पाणी लागलेल्या भोकापाशी उभ्या असलेल्या माणसाला ‘थांबा’ म्हणणे किती अवघड असते, हे तिथे उभे राहिल्याशिवाय कळत नाही. एकवीस कांड्या गेल्या. चारशे वीस फूट. दोनशेच्या खाली एक थेंब वाढला नाही. खोलीबरोबर फुटाचा दर वाढत होता. शेवटच्या बावीस पुड्या एकमेकींपासून ओळखू येत नाहीत.

इथे एक कबुली द्यायला हवी. २००९ चा म्हणून ओळखला जाणारा महाराष्ट्राचा भूजल कायदा २०१४ पासून अमलात आहे. ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला तो ‘खोल विहीर’ म्हणतो, आणि तशी घेण्यास त्यात मनाई आहे. आमचे भोक १२८ मीटरांचे झाले. ओट्यावरच्या चार तासांच्या चर्चेत निवृत्त गृहस्थांनी दोनशे फूट हा आकडा का सांगितला होता, हे आम्ही विचारले नव्हते. तो आम्हांला त्यांचा मतप्रकार वाटला होता.

त्या वर्षी डाळिंब वाचले. पाळ्या ठरल्या, कांदाही झाला. २०१७ च्या फेब्रुवारीत मात्र आजोबांची विहीर तळाला गेली. आबा म्हणाले, एवढ्या लवकर ती आटल्याचे त्यांच्या आठवणीत नाही. त्याच आठवड्यात बांधाच्या खालच्या अंगाचे शेजारी आले. त्यांना आम्ही दादा म्हणतो. त्यांची विहीर आठ परसांची, आमच्या बोअरपासून चारएकशे फुटांवर. ते भांडायला आले नव्हते. ओट्याखालीच उभे राहून त्यांनी विचारले, “सर, तुमच्या बोअरला पाणी किती फुटांवर लागले?” आम्ही सांगितले, एकशे साठ. ते म्हणाले, “मग माझ्या विहिरीचे पन्नास फुटांवरचे कसे गेले?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. निवृत्त गृहस्थांजवळ होते. त्यांनी पुड्या मागितल्या. बेचाळीस पुड्या त्यांनी ओट्यावर ओळीने मांडल्या आणि सहावी उचलली. आमच्या अक्षरात लिहिले होते : ओलसर. पन्नास-साठ फुटांवरचा तो झिजलेला थर दोन्ही विहिरींचा पोशिंदा होता. केसिंग तिथवर न्यायला हवे होते. आम्ही ते वीस फुटांवर थांबवले होते. त्यामुळे वरच्या थराचे पाणी उघड्या भोकाच्या भिंतीवरून खाली ओघळत होते आणि आम्ही ते एकशे साठ फुटांवरचे पाणी म्हणून उपसत होतो. ते काही रागावले नाहीत. “नोंद चांगली ठेवलीत,” एवढेच म्हणाले.

हे आम्हांला फार लागले. साक्षीदार आम्ही जपून ठेवला होता, त्याची साक्ष मात्र काढली नव्हती. नोंद करणे म्हणजे वाचणे नव्हे, हे आम्ही दरवर्षी पहिल्या सत्रात विद्यार्थ्यांना सांगतो.

त्यानंतर हिऱ्यांच्या त्या उपमेचा आम्ही पुष्कळ विचार केला. ती इतकी चपखल वाटली होती, की ती कोठे तुटते हे पाहायचे राहून गेले. हिरा जिथे आहे तिथेच असतो. तो कोणी काढला म्हणून शेजारच्या पट्ट्यातला हिरा सरकत नाही. हिऱ्यांच्या कंपनीतला लहान भागधारक चुकला तर बुडते ते त्याचे आणि त्याच्यासारख्यांचे. म्हणून पद्धतीचा वाद भागधारकांतच मिटवणे तिथे निदान हिशेबाला धरून आहे. पाणी जागचे हलते. आमच्या भोकात जे आले ते कोठून तरी निघालेले होते. सहा भागधारक, चार पक्ष, एवढा वाद झाला. पण ज्याचा भाग नाही आणि विहीर आहे, अशा माणसाला ओट्यावर बोलवावे हे कोणाला सुचले नाही. किती खोल, कोणत्या जागी, कोणत्या यंत्राने, हे सगळे विचारले गेले. कोणाचे, हे विचारले गेले नाही.

गिरणा आणि मोसम यांच्या काठांवर फड पद्धत होती, हे कसमादेच्या लोकांना सांगायला नको. बंधाऱ्याचे पाणी फडाफडांना वाटले जाई, कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे ते सर्वांनी मिळून ठरे, पाटकरी पाणी सोडी. ती पद्धत आदर्श होती असे आमचे म्हणणे नाही. जमीन नसलेल्याला तीतही जागा नव्हती. पण तिच्यात पाणी वाहताना सगळ्यांना दिसत होते, त्यामुळे ते कोणाच्या शेतातून कोणाकडे जाते हेही दिसत होते. जमिनीखाली गेलेल्या पाण्याला पाटकरी नसतो. तिथे शेजाऱ्याचे नुकसान करणाऱ्यालाही आपण ते करतो आहोत हे ठाऊक नसण्याची सोय असते. आम्ही ती सोय वापरली, नोंद हाताशी असताना.

पुढचे थोडक्यात. पहिले दोन उन्हाळे आम्ही दादांच्या शेताला बोअरवरून आठवड्यातल्या दोन पाळ्या दिल्या. पुतण्याने कुरकुर केली, पण दिल्या. २०१८ चा पाऊस ओढ देऊन गेला. त्या साली राज्यातल्या १५१ तालुक्यांत शासनाला दुष्काळ जाहीर करावा लागला. २०१९ च्या मार्चमध्ये बोअर हवा ओकू लागला आणि एप्रिलमध्ये मोटर वर काढली. पुन्हा ओट्यावर बैठक बसली. या वेळी दादा वर बसले होते. त्यांनी पैसे घातले नव्हते आणि कोणी मागितलेही नाहीत. आबांची पद्धत मान्य झाली : विहीर दोन परस खाली, आडवे बोअर दोनच, आणि तेही दादांच्या विहिरीच्या उलट दिशेला. दोन महिने लागले. आम्ही शनिवार-रविवार जाऊन उभे राहत असू. विहिरीला पाणी आहे, बेताचे. डाळिंबाची निम्मी झाडे काढावी लागली. पुतण्या आमच्याशी बोलतो, पण शेताविषयी आमचे मत आता विचारत नाही, आणि यात त्याची चूक आहे असे आम्हांला म्हणता येत नाही.

मावसभावाला आम्ही हे सगळे कळवले. त्याने विचारले, पुड्या अजून आहेत का? आहेत. उत्तरपत्रिकांच्या कपाटात, खालच्या खणात, बेचाळीसच्या बेचाळीस. एम. ए.च्या संशोधनपद्धतीच्या तासाला आम्ही कधीकधी त्यांतल्या दोन नेतो, सहावी आणि एकतिसावी, आणि मुलांना वर्णन करायला सांगतो. मुले रंग सांगतात, भरडपणा सांगतात. पाण्याविषयी मात्र चिठ्ठी वाचल्याशिवाय कोणाला काही सांगता येत नाही, कारण सहाव्या पुडीतला चुरा केव्हाच वाळला आहे.